महासाथ आणि प्रादेशिक विषमता : आघातप्रवणतेचे मोजमाप

रोगाची साथ गावाची शीव पाहून थांबत नाही, हे खरे; परंतु प्रत्येक गावावर तिचा घाव सारखाच बसतो, असेही नाही. एकच रोग एका जिल्ह्यात थोडक्यात निभावतो, तर शेजारच्या जिल्ह्यात घरेच्या घरे ओस पाडतो. हा फरक दैवाचा नसून बहुतांशी परिस्थितीचा असतो. परिस्थिती मोजता येते आणि जे मोजता येते त्याची तयारी आधी करता येते. साथ आलीच तर तिचा आघात कोणत्या लोकसमूहावर किती खोल बसेल, याच्या पूर्वअंदाजास ‘आघातप्रवणता’ असे म्हणता येईल. तिच्या मोजमापाची पद्धती, तिचे उपयोग आणि तिच्या मर्यादा यांचा नागपूर विभागाच्या संदर्भात येथे परामर्श घेतला आहे.

१९१८ चा धडा

नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना, १९१८ साली, इन्फ्लुएंझाची महासाथ आली. जूनमध्ये मुंबई बंदरात प्रथम दिसलेल्या या रोगाची पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरपासून उसळलेल्या दुसऱ्या लाटेने मात्र देशभर हाहाकार उडविला. भारतातील मृत्यूंचे निरनिराळ्या अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. परंतु हे मृत्यू देशभर सारखे विखुरलेले नव्हते. मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड आणि पंजाब येथे मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. बंगाल व मद्रास येथे ते पुष्कळच कमी होते.

या काळाची खूण जनगणनेतही उमटली आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडची लोकसंख्या १९११ साली १ कोटी ३९ लाखांच्या घरात होती. दहा वर्षांनंतरही ती तेवढीच राहिली. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागाची लोकसंख्या तर त्या दशकात सुमारे २.९ टक्क्यांनी घटली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महागले होते आणि अर्धपोटी शरीरांना रोगाशी झुंजण्याचे बळ उरले नव्हते. मृतांत २० ते ४० या कर्त्या वयाच्या माणसांचा भरणा होता आणि भारतात स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा अधिक झाले.

एकाच शहरातही केवढी तफावत असते, हे मुंबईच्या तत्कालीन नोंदींवरून कळते. त्या नोंदींत ‘कनिष्ठ जाती’ म्हणून दाखविलेल्या हिंदूंमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६१.६ होते, युरोपीय रहिवाशांत ते ८.३ होते. शहर एक आणि रोगही एक, तरी मृत्यूच्या प्रमाणात सातपटींहून अधिक अंतर. हे अंतर राहत्या खोलीचे, अन्नाचे आणि शुश्रूषेचे होते.

तीन वेगवेगळे प्रश्न

‘या जिल्ह्याला धोका किती?’ या एका प्रश्नात वस्तुतः तीन प्रश्न दडलेले असतात. पहिला संसर्गाचा : रोग येथे किती वेगाने पसरेल? दाट वस्ती, एका खोलीत राहणारी कुटुंबे, सामाईक नळ व शौचालये, बाजार आणि येजा यांवर त्याचे उत्तर अवलंबून असते. दुसरा नाजुकपणाचा : रोग झालेल्यांपैकी किती जण गंभीर होतील? येथे वय, पोषण, रक्तक्षय, मधुमेह, क्षय आणि विदर्भात विशेषत्वाने आढळणारा सिकलसेल यांचा विचार करावा लागतो. तिसरा सावरण्याच्या क्षमतेचा : गंभीर रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचेल काय, आणि घरातील मिळवता माणूस पंधरा दिवस अंथरुणास खिळला तर चूल पेटेल काय?

या तीन प्रश्नांची उत्तरे एका दिशेने जातीलच, असा नियम नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाख ५३ हजार असून घनता दर चौरस किलोमीटरला ४७० होती. गडचिरोलीत १० लाख ७३ हजार लोक १४ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशात विखुरलेले होते व घनता केवळ ७४ होती. संसर्गाच्या दृष्टीने पाहता नागपूर अधिक धोक्यात दिसते. सावरण्याच्या क्षमतेच्या दृष्टीने पाहता चित्र उलटते. गडचिरोलीच्या दक्षिणेस पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. अशा दिवसांत रुग्णालयातील खाटांची संख्या हा केवळ कागदावरील आकडा ठरतो.

निर्देशांक कसा तयार होतो?

अनेक बाबी एका आकड्यात आणण्याच्या रीतीस संमिश्र निर्देशांक म्हणतात. भारतातील राज्ये व जिल्हे यांच्यासाठी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सामाजिक-आर्थिक स्थिती, लोकसंख्येची रचना, घरे व स्वच्छता, आरोग्यसेवेची उपलब्धता आणि रोगविषयक स्थिती अशा पाच गटांत पंधरा निर्देशक घेण्यात आले होते. त्यांच्या आधारे प्रत्येक प्रदेशाला शून्य ते एक यांमधील क्रमांक देण्यात आला. राज्यांत मध्य प्रदेश सर्वाधिक आघातप्रवण, तर सिक्कीम सर्वांत कमी आघातप्रवण ठरले.

पद्धत समजण्यास एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अ हा शहरालगतचा, ब हा जंगलपट्टीतील आणि क हा तरुण मंडळी बाहेरगावी गेलेला, असे तीन तालुके आहेत. साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण त्यांत अनुक्रमे ८, ९ व १५ टक्के आहे. एका खोलीत राहणारी कुटुंबे ५०, ४० व २० टक्के आहेत. ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास २०, १५० व ६० मिनिटे लागतात. प्रत्येक निर्देशकात सर्वांत कमी धोक्यास ०, मधल्यास ०.५ व सर्वाधिक धोक्यास १ असे गुण द्यावेत. अ ला मिळतात ०, १ व ०. ब ला ०.५, ०.५ व १. क ला १, ० व ०.५. सरासरी काढली असता अ चा निर्देशांक ०.३३, ब चा ०.६७ व क चा ०.५० येतो. म्हणजे मदतीचा क्रम ब, क, अ असा लागतो.

आता राहत्या घराच्या निर्देशकास दुप्पट महत्त्व दिले, तर अ चा निर्देशांक ०.५०, ब चा सुमारे ०.६३ व क चा सुमारे ०.३८ होतो. ब पहिलाच राहतो. पण अ आणि क यांनी जागा बदलल्या. माणसे तीच, घरे तीच. बदलला तो भार देणाऱ्याचा निर्णय. म्हणून कोणत्या बाबीला किती भार दिला आणि का दिला, हे निर्देशांकासोबत स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. शिवाय, क्रमवारीने अंतरे झाकली जातात. ८ व ९ टक्क्यांतील अंतर आणि ९ व १५ टक्क्यांतील अंतर वरील रीतीत सारखेच गणले गेले, हे ध्यानात ठेवावे.

रोग बदलला की क्रम बदलतो

आघातप्रवणता हा जिल्ह्याच्या कपाळी कायमचा लिहिलेला गुण नव्हे. ती रोग आणि प्रदेश यांच्या जोडीची असते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने तरुणांना गाठले. २०२० च्या कोविडने वृद्धांना व जुन्या व्याधी असलेल्यांना अधिक ग्रासले. सिंधुदुर्गासारख्या साक्षर, परंतु वृद्धांचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्याचे स्थान या दोन रोगांसाठी एकच असू शकत नाही. पाण्यातून पसरणाऱ्या पटकीसाठी तर तिसराच क्रम लागेल. म्हणून एकच कायमची यादी करण्याऐवजी मूळ निर्देशक सुटे व अद्ययावत ठेवावेत आणि रोगाचे स्वरूप कळताच त्यांची मांडणी करावी, हे श्रेयस्कर.

सरासरीचा पडदा

जिल्ह्याची सरासरी ही सोयीची असली तरी फसवी असते. नागपूर जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक एकट्या नागपूर शहरात राहतात; त्यामुळे जिल्ह्याचा आकडा हा बव्हंशी शहराचाच आकडा ठरतो आणि रामटेकच्या वनपट्टीतील पाडे त्यात विरून जातात. खुद्द शहरातही सुमारे एक तृतीयांश लोक झोपडपट्ट्यांत राहत असल्याचे २०११ ची आकडेवारी दर्शविते. नागपुरात पहिला कोविड रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला आणि एप्रिलमध्ये सतरंजीपुरा, मोमीनपुरा यांसारख्या दाट वस्त्यांत रोग झपाट्याने पसरला. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत रक्ततपासणी करण्यात आली. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के व्यक्तींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. प्रभाग तेच होते. वस्ती निराळी होती. यावरून मोजणीचे एकक जितके लहान तितके चित्र खरे, हे उघड होते.

दुसरा पडदा खाटांच्या हिशेबाचा. खाटांना जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागले की नागपूर सुस्थितीत दिसते. परंतु १९४७ साली स्थापन झालेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विदर्भातीलच नव्हे, तर मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी व बालाघाट येथूनही रुग्ण येतात. भागाकारातील छेद केवळ जिल्ह्याचा धरणे म्हणूनच अपुरे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत खाट मिळूनही प्राणवायू नसल्याची अडचण सर्वत्र जाणवली. विशाखापट्टणमहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस २३ एप्रिल २०२१ रोजी नागपुरात पोहोचली. क्षमता मोजताना खाट, प्राणवायू, परिचारिका व वाहन या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. त्यांपैकी जी सर्वांत तोकडी, तीच खरी क्षमता.

तिसरा पडदा नोंदीचा. जेथे तपासणी अधिक तेथे रुग्ण अधिक दिसतात. कोविडच्या आरंभी विदर्भातील नमुने नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत येत. अशा वेळी दूरच्या तालुक्यातील शून्य हा आकडा रोग नसल्याचा पुरावा नसून तपासणी न झाल्याचाही असू शकतो. १९१८ साली मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देई. साथीच्या ऐन भरात ही व्यवस्थाच कोलमडली. ज्या गावांवर सर्वांत मोठा घाला पडला, तेथील नोंदच सर्वांत अपुरी राहण्याचा संभव अशा वेळी असतो. नोंद दुबळी असणे हेच आघातप्रवणतेचे एक लक्षण मानले पाहिजे.

महाराष्ट्राची परंपरा

प्रादेशिक विषमता आकड्यांत मांडण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली सादर केलेल्या अहवालात राज्याच्या सरासरीशी तुलना करून जिल्हावार अनुशेष काढला होता. तो एकूण सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा होता. ‘मागासलेपण’ या मोघम शब्दाला त्या अहवालाने हिशेबाचे रूप दिले. आरोग्याच्या बाबतीत त्याच शिस्तीने एक पाऊल पुढे जाता येईल : सोयी किती कमी आहेत एवढेच न मोजता, त्या कमतरतेमुळे संकटकाळी कोणाचा जीव धोक्यात येईल, हेही मोजावे.

गावपातळीवरील मोजणी

जनगणना व राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी यांतून जिल्ह्यापर्यंतची माहिती मिळते. तथापि २०२१ ची जनगणना त्या वर्षी होऊ शकली नाही आणि २०११ च्या आकड्यांवर विसंबून राहिल्यास स्थलांतराने बदललेली गावे ओळखू येत नाहीत. ही उणीव ग्रामपंचायतीच भरून काढू शकतात. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्य पथकांनी घरोघर जाऊन जुन्या व्याधींची विचारपूस केली होती. असे काम राज्यभर होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. ते साथीनंतरही चालू ठेवणे हे खरे आव्हान.

त्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. एकटे राहणारे वृद्ध किती, एका खोलीतील कुटुंबे किती, हंगामी मजुरीसाठी बाहेर जाणारी घरे किती, गरोदर स्त्रिया व सिकलसेलचे रुग्ण किती, प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आणि पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद, या बाबींची वर्षातून एकदा नोंद झाली तरी पुष्कळ काम होईल. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्याकडे यातील बरीचशी माहिती असतेच. ती एका ठिकाणी येत नाही. शाळेतील गणिताच्या तासाला वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून गावाची सरासरी व क्रमवारी काढून घेता येईल. मात्र व्यक्तींची नावे व व्याधी फलकावर लावू नयेत. संख्या सर्वांसाठी, नावे केवळ आरोग्य सेवकांसाठी, हा दंडक कसोशीने पाळावा. अन्यथा मदतीसाठी केलेली यादी बहिष्काराचे साधन बनते आणि पुढल्या वेळी कोणी खरे सांगत नाही.

निर्देशांक हा निर्णयाला पर्याय नव्हे. तो निर्णयाआधी विचारावयाच्या प्रश्नांची शिस्त आहे. तालुक्याचा आकडा समोर आला की अधिकाऱ्याने तो उलगडून पाहावा : धोका दाटीमुळे आहे, दुबळ्या शरीरांमुळे आहे की दूरच्या रस्त्यामुळे? पहिल्यास विलगीकरणाची जागा लागते, दुसऱ्यास पोषण व औषध, तिसऱ्यास वाहन व जवळची खाट. एकाच आकड्यामागे तीन निराळे उपाय असतात आणि चुकीचा उपाय वेळेवर पोहोचूनही उपयोगी पडत नाही. साथ येईपर्यंत ही उकल थांबवून चालणार नाही, कारण १९१८ प्रमाणेच, साथ आल्यावर मोजणारे हातही आजारी पडतात.