ऑर्डरीआधी ओळख



चाकण, महाळुंगे, भोसरी भागातल्या कंपन्यांत रोज हजारो माणसं जेवतात. आपल्या गटांना चपात्या, मसाले, लोणची करता येतात. तरी बैठकीत आपण म्हणतो, "तिथं आपल्या ओळखीचं कुणी नाही." ओळख म्हणजे वशिला असं आपण धरून बसतो. या पाठात ओळख कशी वाढवायची आणि टिकवायची ते पाहू.

जवळचंच उदाहरण घ्या. पिंपरीत १९७३ साली टेल्को कंपनीच्या कामगारांच्या घरातल्या बायकांची संस्था उभी राहिली. लीला मुळगावकर यांनी त्यात पुढाकार घेतला. आज ती 'टाटा मोटर्स गृहिणी सोशल वेल्फेअर सोसायटी' म्हणून ओळखली जाते. मसाले, खाद्यपदार्थ यांच्याबरोबर तिथल्या बायका गाड्यांचं वायरिंगही करू लागल्या. सुरुवातीला घरची ओळख होती हे खरं. पण गाडीची वायर ओळखीवर चालत नाही, काम चोख लागतं.

आता आपण काय करायचं?

१. घरातून सुरुवात करा. कुणाचा दीर कंपनीत आहे, कुणाची भाची कॅन्टीनला आहे, कुणाच्या खोलीत कामगार भाड्याने राहतात. गटातल्या सगळ्या जणींची मिळून यादी करा.

२. पहिल्या भेटीत ऑर्डर मागू नका, माहिती विचारा. कॅन्टीन बहुतेक ठिकाणी ठेकेदार चालवतो. चपात्या किती लागतात, किती वाजता लागतात, सध्या अडचण काय आहे, हे त्याच्याकडून नीट ऐकून घ्या. नमुना दुसऱ्या भेटीत न्या.

३. जमेल तेवढंच कबूल करा. दोनशे चपात्या जमत असतील तर पाचशेला हो म्हणू नका. उरलेल्यासाठी शेजारच्या गटाचं नाव सुचवा. ठेकेदाराची सोय होते, आणि तो गटही तुम्हाला विसरत नाही.

४. काम नसतानाही संबंध ठेवा. रोज 'शुभ सकाळ' पाठवून संबंध वाढत नाही. भाव वाढणार असेल तर आधी कळवा. माल उशिरा पोचणार असेल तर त्यांचा फोन यायच्या आधी तुम्ही करा. पवनाथडी जत्रेत स्टॉल लावलात तर शेजारच्या स्टॉलवालीचं नाव, गाव, नंबरही वहीत लिहून घ्या.

५. हिशेब चोख ठेवा. "ताई, तुम्ही घरच्याच," असं म्हणून कुणी पैसे थकवत असेल तर गप्प बसू नका. ऑर्डर लेखी घ्या, माल देताना चलनावर सही घ्या. गटाची उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. हक्काचे पैसे मागितल्यावर तुटते, ती ओळख आपल्या कामाची नव्हती.

६. सांभाळून राहा. भेटीला दोघी मिळून जा. गटाचा नंबर द्या. "ओळख करून देतो, आधी पैसे द्या," म्हणणाऱ्याला साफ नाही म्हणा.

पुढच्या बैठकीत करा: प्रत्येकीने एका ओळखीच्या माणसाचं नाव सांगावं, आणि त्या माणसाच्या आपण काय उपयोगी पडू शकतो तेही सांगावं. सचिवताईंनी ते वहीत उतरवून घ्यावं. महिन्याने वही उघडा आणि कुणाकुणाला भेटलो ते तपासा.