तयार संगणक प्रणाली आणि लहान दुकानदार



शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्याला जोडलेली अवजारे व भांडवल यांच्या प्रमाणावर ठरते, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरील निबंधात मांडले. दुकानाचेही तसेच आहे. आपले तरुण व्यवसायात उतरत आहेत, म्हणून दुकानातील संगणकाविषयी थोडे लिहीत आहोत.

समजा, पिंपळनेरात एकाचे कृषी सेवा केंद्र आहे. हिशेबासाठी त्याने 'टॅली' घेतले. बिलावर बियाण्याचा लॉट नंबर, शेतकऱ्याचे गाव आणि पीक हवे. त्यासाठी खास प्रणाली लिहून घेणे परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. लॉट नंबर व मुदतीची सोय 'बॅच' या नावाने टॅलीत आधीपासूनच आहे, फक्त चालू करावी लागते. असलेल्या सोयीचे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत! गाव खातेदाराच्या पत्त्यात बसते. राहिले पीक. त्यासाठी नवा रकाना हवा.

हा रकाना टीडीएल या टॅलीच्याच भाषेत लिहितात. मूळ प्रणालीला हात न लावता एक छोटी फाईल जोडली जाते. ती साध्या नोटपॅडमध्येही लिहिता येते. प्रत्येक नव्या रकान्याला क्रमांक असतो. दोन फाईलींत एकाच प्रकारच्या रकान्यांना तोच क्रमांक पडला तर माहितीची सरमिसळ होते. फाईल काढली की भरलेली माहिती दिसेनाशी होते. ती नष्ट होत नाही, पण दुकानदाराच्या छातीत धस्स होते.

खरी अडचण पुढेच आहे. करून देणारा पुष्कळदा कुलूपबंद फाईल देतो, मूळ मजकूर स्वतःकडे ठेवतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, बिलांचे नमुने बदलले. २०२० साली 'टॅलीप्राइम' आले. अशा वेळी जुन्या फाईलीत दुरुस्ती लागू शकते, आणि मूळ मजकूर हाती नसेल तर पुन्हा त्याच माणसाचे दार, तो सांगेल तो भाव. म्हणून पैसे ठरवतानाच मूळ फाईल व रकान्यांचे क्रमांक मागून घ्यावेत, तेही लेखी.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची 'ईआरपीनेक्स्ट' ही प्रणाली मुक्त परवान्याची आहे. तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला असून नवा रकाना पडद्यावरूनच जोडता येतो. मात्र तिला सर्व्हर व देखभाल लागते. एकट्या दुकानाला ते जड जाते. चार दुकानदारांनी एकच सर्व्हर वाटून घेतला, तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा राहून खर्च विभागला जातो.

आणि कोणतीही फाईल जोडण्यापूर्वी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्यावी व ती दुकानात न ठेवता घरी ठेवावी.