मंत्र, व्याकरण आणि कौशल्य : भूमिकाखेळांच्या नियमसंहितांतील मांत्रिकाचे ज्ञान

१

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि भूमिकाखेळ, म्हणजेच ‘रोल-प्लेइंग गेम’, हा कथननिर्मितीचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून रूढ होऊ लागला. या प्रकारात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतो, सूत्रधार प्रसंग उभे करतो आणि जेथे कृतीचे फलित अनिश्चित असते तेथे फासे टाकून निर्णय घेतला जातो. अशा खेळाची नियमसंहिता स्वतः कथा सांगत नाही. कोणत्या कथा संभवतात एवढेच ती ठरविते. या अर्थाने तिचे कथेशी असलेले नाते व्याकरणाच्या वाक्याशी असलेल्या नात्यासारखे आहे.

हा खेळ युद्धखेळांच्या परंपरेतून निघाला. त्यामुळे त्याच्या संहितेत लढाईला मोठे स्थान मिळाले यात आश्चर्य नाही. लक्षणीय गोष्ट अशी, की मांत्रिकाच्या पात्रासाठी लढाईबाहेरच्या कौशल्यांचीही व्यवस्था क्रमाने होत गेली. लिपी वाचणे, प्राचीन भाषा जाणणे, दुसऱ्याने उच्चारलेला मंत्र ओळखणे, ग्रंथ लिहिणे ही ती कौशल्ये होत. या व्यवस्थेत ज्ञानाची दोन भिन्न रूपे दिसतात. एक कसोटीरूप, दुसरे साधनारूप. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि ‘आर्स मॅजिका’ या दोन संहितांच्या आधारे हा भेद स्पष्ट करता येतो.

२

मांत्रिक आणि विद्वान यांचे साहचर्य इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीतच आहे. ‘विझर्ड’ हा शब्द ‘वाइज’, म्हणजे शहाणा, या शब्दावरून आला. मंत्रग्रंथासाठी वापरला जाणारा ‘ग्रिम्वार’ आणि मोहिनी या अर्थाचा ‘ग्लॅमर’ हे दोन्ही ‘ग्रॅमर’चेच बदललेले अवतार आहेत. निरक्षरांच्या समाजात व्याकरण जाणणारा मनुष्य गूढ शक्तीचा धनी वाटावा, हे या शब्दांनी जपून ठेवले आहे. मराठीतील ‘मंत्र’ हा शब्दही ‘मन्’, म्हणजे विचार करणे, या धातूशी जोडलेला आहे. तेव्हा मांत्रिकाची बिनलढाऊ कौशल्ये ही वरून जोडलेली पुरवणी नसून त्या पात्राच्या मूळ कल्पनेतच अंतर्भूत आहेत.

३

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील मंत्रपद्धती जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावरून घेतलेली आहे. मांत्रिक मंत्र पाठ करतो आणि उच्चारताच तो त्याच्या स्मरणातून पुसला जातो. येथे ज्ञान हा खर्च होणारा साठा ठरतो. या कल्पनेला छेद देणारी टिकाऊ विद्या पुढे कौशल्यांच्या रूपाने आली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतील ऐच्छिक नियमांनुसार योद्ध्याला आरंभी चार शस्त्रकौशल्ये आणि तीन बिनशस्त्र कौशल्ये मिळतात; मांत्रिकाला शस्त्रकौशल्य एकच, बिनशस्त्र कौशल्ये मात्र चार. त्याच्या यादीत प्राचीन इतिहास, ज्योतिष, वनौषधी, रत्नकाम यांच्याबरोबर ‘लेखन-वाचन’ हेही एक कौशल्य म्हणून येते. ‘चौदा विद्या, चौसष्ट कला’ ही गणना परिचित असलेल्या मराठी वाचकाला अशी यादी परकी वाटणार नाही. दोन्हीकडे यादी हेच व्यक्तिवर्णन असते.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘स्पेलक्राफ्ट’ या मंत्रपारखीला नेमके रूप मिळाले. प्रतिपक्षाचा मंत्र उच्चारला जात असताना तो ओळखायचा, तर वीस बाजूंच्या फाशावरील अंक आणि कौशल्याचा अंक यांची बेरीज पंधरा अधिक मंत्राची पातळी इतकी व्हावी लागते. मंत्र ओळखला, की तोच मंत्र योजून त्याचा प्रतिकार करता येतो. येथे आकलन हे कृतीची पूर्वअट आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ही पारख स्वतंत्र उरली नाही. ‘आर्केना’ या व्यापक कौशल्यात गूढविद्येचे सारे ज्ञान एकवटले. २०१७ च्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पूरक ग्रंथाने मंत्र ओळखण्याचा ऐच्छिक नियम पुन्हा दिला. पण त्यासाठी पात्राची त्या फेरीतील एकमेव प्रतिक्रिया खर्च होते आणि प्रतिकाराच्या मंत्रालाही तीच प्रतिक्रिया लागते. परिणामी मंत्र ओळखणारा त्याच क्षणी तो रोखू शकत नाही. ज्याने ओळखले त्याने सोबत्याला सांगावे आणि सोबत्याने कृती करावी, एवढाच मार्ग उरतो. एका नियमाच्या फेरबदलाने ज्ञान आणि कृती यांची अशी फारकत झाली. तरीही या सर्व आवृत्त्यांत एक सूत्र कायम आहे : ज्ञान क्षणाच्या कसोटीला उतरते किंवा उतरत नाही. ते कसे मिळविले, याविषयी संहिता फारसे बोलत नाही.

४

जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांचा ‘आर्स मॅजिका’ (१९८७) नेमके याविषयीच बोलतो. त्याची पार्श्वभूमी मध्ययुगीन युरोपची असून त्याची जादू लॅटिन व्याकरणावर उभी आहे. ‘क्रेओ’, ‘इंटेलेगो’, ‘मूटो’, ‘पेर्दो’, ‘रेगो’ ही पाच क्रियापदे प्रथमपुरुषी एकवचनी आहेत : मी निर्माण करतो, जाणतो, पालटतो, नष्ट करतो, नियंत्रित करतो. ‘इग्नेम’, ‘आक्वाम’, ‘मेंतेम’ यांसारखी दहा नामे कर्माच्या विभक्तीत आहेत. ‘क्रेओ इग्नेम’ म्हणजे ‘मी अग्नी निर्माण करतो’ असे पूर्ण वाक्य. पाच क्रियापदे आणि दहा नामे यांतून पन्नास वाक्ये संभवतात आणि मांत्रिकाचे सामर्थ्य म्हणजे त्या वाक्यांवरील त्याचे प्रभुत्व.

हे प्रभुत्व काळाच्या मापाने मोजले जाते. शिष्यत्व पंधरा वर्षांचे. पुढे वर्षाचे चार ऋतू, आणि प्रत्येक ऋतूत अध्ययन, अध्यापन, लेखन किंवा प्रयोग यांपैकी एकाची निवड. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत ग्रंथांचेही दोन प्रकार आहेत. ‘सुम्मा’ला पातळी आणि गुणवत्ता असते, ‘ट्रॅक्टेटस’ला केवळ गुणवत्ता. सुम्मा लिहिणारा आपल्या ज्ञानाच्या निम्म्या पातळीपर्यंतच ग्रंथ नेऊ शकतो. जाणलेले सारे लेखनात उतरत नाही, हा अध्यापकांना परिचित असलेला अनुभव येथे नियम झाला आहे. मांत्रिक प्रयोगशाळेत असताना खेळ थांबू नये म्हणून तोच खेळाडू दुसरे पात्र घेऊन प्रसंगात उतरतो. अशा रीतीने पडद्याआडचे अध्ययनही कथानकाचा भाग ठरते.

५

हा भेद केवळ कर्त्यांच्या वृत्तीचा आहे असे म्हणता येत नाही. कारण ट्वीट हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीच्या कर्त्यांपैकीही एक आहेत. भेद संहितेच्या प्रयोजनाचा आहे. साहसकथेला निर्णायक क्षण हवा असतो, चरित्रकथेला कालावधी. कसोटीरूप ज्ञानाने उत्कंठा साधते, पण विद्येमागचे श्रम अदृश्य होतात. साधनारूप ज्ञानाने श्रम दिसतात, पण वाचनाचे रूपांतर अंकांच्या हिशेबात होण्याचा धोका संभवतो.

कादंबरीतील विद्वान, वैद्य, शास्त्री किंवा कलावंत या पात्रांचा अभ्यास करतानाही हाच प्रश्न उपयोगी पडावा. पात्राची विद्या केवळ ऐन प्रसंगी चमकून जाते, की ती मिळविण्यात गेलेली वर्षे कथनात जागा घेतात? याचे उत्तर केवळ पात्राविषयी काही सांगत नाही. लेखकाच्या मनात ज्ञानाची कोणती कल्पना होती, हेही त्यातून उघड होते.