'बंद कर' म्हटल्यावर ऐकणारा रोबोट

ए.आय.च्या पेपरच्या आदल्या रात्री आपण लायब्ररीतून जे जाडजूड पुस्तक आणतो, ते रसेल आणि नॉर्विग यांचं. पहिली आवृत्ती १९९५ ची, चौथी २०२० ची. त्यातले स्टुअर्ट रसेल मूळचे इंग्लंडचे. १९८२ साली ऑक्सफर्डमधून फिजिक्सची पदवी, १९८६ साली स्टॅनफर्डमधून पीएच.डी. आणि त्याच वर्षी बर्कलीत शिकवायला सुरुवात.

जुन्या पद्धतीत आपण मशीनला ध्येय द्यायचं आणि तिने ते जास्तीत जास्त साधायचं. रसेल म्हणू लागले की पायाच चुकला आहे, कारण माणसाला आपलं ध्येय पूर्ण सांगताच येत नाही. ज्याच्या पुस्तकावर अख्खं जग शिकलं त्यानेच हे म्हणावं, हे मला फार मोठं वाटतं. २०१६ साली त्यांनी बर्कलीत यासाठी वेगळं संशोधन केंद्र काढलं, आणि चौथ्या आवृत्तीत हा मुद्दा घातलासुद्धा.

त्यांच्या गटाने २०१७ मध्ये 'ऑफ-स्विच गेम' नावाचा पेपर प्रसिद्ध केला. त्याचं गणित आपल्या हॉस्टेलच्या भाषेत असं:

रोबोटला सांगितलं, "खोली आवर." टेबलावर कागदांचा गठ्ठा आहे. तो रद्दी असण्याची शक्यता ८०%, टाकला तर फायदा १०. सबमिशनचं जर्नल असण्याची शक्यता २०%, टाकलं तर तोटा ३०.
न विचारता टाकला : ८ – ६ = २
काहीच केलं नाही : ०
विचारलं आणि आपल्याला थांबवू दिलं : ८ + ० = ८

म्हणजे विचारण्यातच रोबोटचा फायदा! पण त्याला १००% खात्री असेल, तर विचारलं काय नि न विचारलं काय, उत्तर १०च. मग आपल्या 'थांब'ला त्याच्या लेखी किंमत शून्य. धोका इथेच आहे.

अर्थात आपण झोपेत "हो, टाक" म्हटलं, तर हे गणित कोसळतं. माणूस बरोबर उत्तर देईल हे यात गृहीत आहे, आणि पुढचं काम तिथेच उरलेलं आहे.

आता पुस्तकात 'ध्येय दिलेले आहे' असं वाचलं की मी पेन्सिलने समासात लिहिते : कोणी दिलं? पूर्ण दिलं का? तुम्हीही लिहून बघा. (लायब्ररीच्या पुस्तकात मात्र नको!)