घटक ६ : परत जाणारी ई-पत्रे – निदान आणि दुरुस्ती

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• ई-पत्राचे 'पाकीट' आणि 'मायना' यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• बाउन्स संदेशातील संकेतांकांचा अर्थ लावता येईल.
• एकच पत्र पुनःपुन्हा का परत जाते हे सांगून दुरुस्तीचा क्रम लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

समजा, एका सार्वजनिक वाचनालयाची सर्व ई-पत्रे सेवादात्याकडील एकाच टपालपेटीत जमा होतात. वाचनालयातील संगणक दर दहा मिनिटांनी ती उचलून आणतो आणि ग्रंथपाल, लेखापाल व कार्यवाह यांच्या स्वतंत्र पेट्यांत टाकतो. एके दिवशी एका लेखिकेचा दूरध्वनी येतो : "मी एकच पत्र पाठवले, पण 'या नावाचे कोणी येथे नाही' असे उत्तर मला सकाळपासून चाळीस वेळा आले!" पत्र पोहोचलेले आहे, पेटीत पडूनही आहे. चूक वाचनालयाच्या मांडणीत, मनस्ताप मात्र लेखिकेला. असे का घडते, ते आता पाहू.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ पाकीट आणि मायना

ई-पत्र पाठवण्याचे नियम 'एसएमटीपी' या नावाने ओळखले जातात. जॉन पोस्टेल यांनी ते ऑगस्ट १९८२ मध्ये 'आरएफसी ८२१' या दस्तऐवजात मांडले. या पद्धतीत पत्राचा मजकूर देण्यापूर्वी पाठवणारा संगणक प्रेषकाचा व प्राप्तकर्त्याचा पत्ता वेगळा सांगतो. हे झाले पाकीट. पत्रात दिसणारी 'प्रति' ही ओळ म्हणजे मायना. दोन्ही जुळलेच पाहिजेत असे बंधन नाही. गुप्त प्रत पाठवली, तर प्राप्तकर्त्याचे नाव पाकिटावर असते, मायन्यात नसते.

पत्र पेटीत पडले की पाकिटाचे काम संपते. 'पॉप३' किंवा 'आयमॅप' या पद्धतींनी पत्र उचलणाऱ्या आज्ञावलीच्या हाती बहुधा केवळ मायना उरतो. 'फेचमेल' ही या प्रकारची एक परिचित आज्ञावली आहे. सामाईक पेटीतील पत्र कोणाचे, हे तिला मायन्यावरून ताडावे लागते. मग ती नवे पाकीट करून ते पत्र स्थानिक टपालव्यवस्थेकडे सोपवते.

आपल्या उदाहरणात लेखिकेने ग्रंथपालांना गुप्त प्रत पाठवली होती आणि मायन्यात निवृत्त कार्यवाहांचा जुना पत्ता होता. सेवादात्याने संस्थेच्या नावावरचे प्रत्येक पत्र स्वीकारले. स्थानिक संगणकाने मात्र मायना वाचून निवृत्त कार्यवाहांची पेटी शोधली. ती नव्हती, म्हणून नकार गेला.

६.२.२ बाउन्स संदेशाचे वाचन

बाउन्स संदेश घाईने पुसून टाकू नये. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात : नकार कोणत्या संगणकाने दिला, कोणत्या पत्त्यासाठी दिला आणि कोणत्या संकेतांकाने दिला.

संकेतांकाचा पहिला अंक महत्त्वाचा असतो. ४ असल्यास अडचण तात्पुरती, ५ असल्यास नकार कायमचा. ५.१.१ म्हणजे असा पत्ता नाही, ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे, ५.७.१ म्हणजे धोरणानुसार परवानगी नाही. नकार देणारा संगणक आपलाच असेल, तर दोष बाहेर शोधण्यात अर्थ नाही.

६.२.३ पुनरावृत्तीचे कारण

बाउन्स संदेशाच्या पाकिटावर प्रेषकाची जागा रिकामी ठेवतात, म्हणजे नकाराला पुन्हा नकार जात नाही. तरीही येथे चाळीस संदेश गेले, कारण फेरा वेगळ्या ठिकाणी होता. मांडणीत 'पत्रे पेटीत ठेवा' आणि 'प्रत्येक वेळी सर्व पत्रे आणा' हे दोन्ही पर्याय चालू होते. पहिला पर्याय पत्र गहाळ होऊ नये म्हणून, दुसरा एकही पत्र सुटू नये म्हणून. दोन्ही हेतू चांगले; पण एकत्र आल्यावर तेच पत्र दर दहा मिनिटांनी नव्याने आणले गेले आणि तोच नकार नव्याने दिला गेला.

६.२.४ दुरुस्तीचा क्रम

१. पत्रे आपोआप उचलणे प्रथम थांबवा. पत्रे पेटीत सुरक्षित राहतात आणि प्रेषकांचा त्रास थांबतो.
२. दोष सापडेपर्यंत पेटीतील काहीही पुसू नका.
३. नकार प्रेषकाकडे न जाता व्यवस्थापकाकडे यावा, अशी तरतूद करा. फेचमेलमध्ये त्यासाठी 'नो बाउन्समेल' हा पर्याय आहे.
४. बाउन्स संदेशातील पत्ता आणि स्थानिक नावांची यादी ताडून पाहा. जुन्या पदाधिकाऱ्यांचे पत्ते विद्यमान व्यक्तींशी जोडा.
५. सेवादाता पाकिटावरील पत्ता 'डिलिव्हर्ड-टू' यासारख्या शीर्षओळीत नोंदवत असल्यास मायन्याऐवजी ती ओळ वाचण्याची सूचना द्या. त्याहून निर्धोक उपाय म्हणजे प्रत्येकासाठी सेवादात्याकडेच स्वतंत्र पेटी घेणे.
६. एक साधे पत्र आणि एक गुप्त प्रत पाठवून चाचणी घ्या. त्यानंतर केवळ नवी पत्रे आणण्याचा पर्याय निवडून व्यवस्था पूर्ववत सुरू करा.

यानंतरही एक काम उरते. लेखिकेला पत्र मिळाल्याचे कळवून दिलगिरी व्यक्त करा. चाळीस नकार यंत्राने दिले. स्वीकाराचे एक उत्तर माणसाने द्यायला हवे.

६.३ सारांश

पत्र पाकिटावरील पत्त्यानुसार पोहोचते. उचलणारी आज्ञावली मात्र बहुधा मायना वाचते. या अंतरातून चुकीचा नकार निर्माण होतो आणि पेटीत राहिलेले पत्र पुनःपुन्हा आणल्याने त्याची पुनरावृत्ती होते. म्हणून आधी थांबवा, मग वाचा आणि शेवटी बदला.

६.४ स्वाध्याय

१. गुप्त प्रतीच्या उदाहरणाने पाकीट आणि मायना यांतील भेद पाच ओळींत स्पष्ट करा.
२. '४' आणि '५' या अंकांनी सुरू होणाऱ्या नकारांनंतर प्रेषकाने काय करावे?
३. वाचनालयाच्या वतीने लेखिकेला दिलगिरीचे औपचारिक पत्र लिहा. त्यात झालेली चूक तांत्रिक शब्द टाळून समजावून सांगा.