पहिल्या ओळीत काय लिहिशील?

चि. सोनूस,


काल ताईचा फोन झाला. तू ताटावरून अर्धवट उठतेस, रात्री दोनलाही मोबाइलवर सीईटी सेलचं पान उघडून बसतेस आणि कुणी ‘किती पडले?’ विचारलं की आतल्या खोलीत निघून जातेस, असं ती सांगत होती. काळजी करू नकोस, असं मी लिहिणार नाही. तसं सांगितल्याने कुणाची काळजी गेलेली मी पाहिलेली नाही. पण दरवर्षी इंजिनिअरिंग प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजातल्या सुविधा केंद्रावर मी कागदपत्रं तपासायला बसतो. तिथे मुलं आणि त्यांचे आईबाप कशाची काळजी करतात आणि कशाची करायची विसरतात, हे रोज दिसतं. त्यावरून चार गोष्टी सांगतो.

तुला ९२ पर्सेंटाइल आहेत आणि शेजारच्या मुलीला ९७. भाऊजी हे आकडे बारावीच्या टक्क्यांसारखे वाचतात, म्हणून घरात सुतक असल्यासारखं झालंय. सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. तुझा आकडा एवढंच सांगतो की तुझ्या सत्रातल्या दर शंभरांतली ब्याण्णव मुलं तुझ्या बरोबरीला किंवा मागे आहेत. तो आता ठरून गेलाय. त्यात ब्रह्मदेवही फेरफार करू शकत नाही, त्यामुळे त्याच्याकडे रोज पुन्हा बघण्यात अर्थ नाही.

तू ज्या टेलिग्राम ग्रुपवर ‘यंदाचा अपेक्षित कटऑफ’ वाचतेस, त्याचंही सांगतो. कटऑफ ही कॉलेजाने आधी घातलेली अट नसते. एखाद्या शाखेतली शेवटची जागा ज्या विद्यार्थ्याला मिळाली, त्याचा मेरिट नंबर आणि पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. मुलांनी आपापल्या याद्या भरल्या, जागा वाटल्या गेल्या, की मगच तो जन्माला येतो. आज तो कुणालाच ठाऊक नाही, ग्रुप चालवणाऱ्यालाही नाही. गेल्या वर्षीचा जरूर बघ, अंदाज येतो. पण रकाना नीट बघ. सांगली-सातारा-कोल्हापूरची मुलं शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतली. आपल्या भागातल्या कॉलेजात तू ‘होम युनिव्हर्सिटी’त, पुण्याच्या खासगी कॉलेजात बाहेरची. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय इथल्या जागा राज्यस्तरावरच्या. मुलींच्या जागांचा रकाना वेगळा, ओबीसीचा वेगळा. केंद्रावर अर्धी रडारड चुकीच्या रकान्यातला आकडा वाचून आलेली असते.

आता मुख्य गोष्ट, ऑप्शन फॉर्म. या साऱ्या प्रक्रियेत तुझ्या हातात उरलेलं खरं काम हेच, आणि नेमकं तेच लोक शेवटच्या रात्री, चार जणांना फोन करून उरकतात. प्रवर्गांची गुंतागुंत बाजूला ठेवली तर जागावाटप साधं आहे. मेरिटने तुझी पाळी आली की संगणक तुझी यादी पहिल्या ओळीपासून वाचतो आणि तुझ्यासाठी जिथे जागा शिल्लक दिसेल ती पहिली जागा तुला देतो. वरच्या ओळीत अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या ओळीवरचा तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही. ‘आपल्याला मिळणार नाही, उगाच कशाला वर लिहायचं’ असं म्हणून मुलं मनातलं कॉलेज खाली ढकलतात आणि मिळण्यासारखं होतं तेही घालवतात. संगणक तुझा मोठेपणाही बघत नाही आणि तुला हसतही नाही. तुला जे सर्वांत जास्त हवं ते पहिलं, त्याच्या खालोखाल हवं ते दुसरं. अंदाज लढवायचा तो यादी किती लांब करायची यासाठी; क्रमासाठी नाही. शेवटी आठ-दहा खात्रीच्या जागा असू देत.

पण हा क्रम प्रामाणिक हवा, कारण त्याला किंमत आहे. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, चार फेऱ्या झाल्या आणि ऑटो फ्रीजचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर तोच घ्यायचा. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी तेच. नको म्हटलंस तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. म्हणजे आत्याला सांगायला बरं वाटेल म्हणून पहिल्या ओळीत काही लिहिलंस आणि ते मिळालं, तर चार वर्षं तिथे तुला काढायची आहेत, आत्याला नाही. हे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा तुझ्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाच. भाऊजींनी वाचली असली तरी वाच.

शाखेबद्दल मी मत देणार नाही, एक आठवण तेवढी करून देतो. तू नववीत असताना विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसली होतीस, आणि वायरमन येईपर्यंत त्यातली कुठली पट्टी चिकटत नाही हे आजोबांना दाखवलं होतंस. घरात सगळे ‘कॉम्प्युटरच’ म्हणतायत. असेलही ते बरोबर. पण तुझी यादी आधी एकटीने कागदावर पेनाने लिही, मग घरात दाखव. घरच्यांच्या यादीत दुरुस्त्या करण्यापेक्षा स्वतःच्या यादीवर वाद घालणं सोपं जातं.

कागदपत्रांचं राहिलं. गेल्या वर्षी एक गृहस्थ मुलाची फाइल घेऊन आले. एकेक कागद प्लास्टिकच्या खिशात, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला तर लॅमिनेट करून आणलेला. उलटून पाहिलं तर त्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली. घरात महिनाभर कटऑफवर चर्चा चालली होती. दाखला कुणी वाचलाच नव्हता. नवा दाखला मुदतीत आला नाही तर मुलगा खुल्या प्रवर्गात धरला जातो. ते सेतू केंद्रात आणि प्रांत ऑफिसात किती धावले, ते मी पाहिलंय. तेव्हा तुझ्या दाखल्यांवरच्या तारखा आजच बघ. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि जातपडताळणीच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळतंय का, तेही बघ. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की आपला प्रवर्ग आणि गुण बरोबर आहेत ना हे लगेच तपास. हरकतीची मुदत थोडी असते.

आणखी एक, हे भाऊजींनाही वाचून दाखव. ताई म्हणाली, पुण्याहून कुणाचे तरी फोन येतात, ‘मॅनेजमेंटची सीट आत्ताच पक्की करा, नंतर मिळणार नाही’ म्हणून. या दिवसांत पालकांच्या धास्तीवर पोट भरणारे बरेच असतात. पहिली फेरीही न लागता ज्याला उत्तर हवं असतं, त्याला ते विकत मिळतं, आणि महाग मिळतं. तुझ्या बाबतीत तर फारच महाग. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर ही सवलत गेली. म्हणजे चार आठवडे थांबण्याची मजुरी चार वर्षांची फी आहे. मूळ दाखले आणि पैसे कुणाच्याही ‘पक्की करतो’वर द्यायचे नाहीत, एवढं माझं नाव घेऊन सांग.

पहिल्या फेरीत सातवी-आठवी पसंती मिळाली तर हातपाय गाळू नकोस. ती जागा स्वीकारून बेटरमेंटला थांबता येतं. पुढच्या फेरीत वरची मिळाली तर आधीची आपोआप सुटते, नाही मिळाली तर आधीची राहते. काहीच मिळालं नाही तरी पुढच्या फेऱ्या आहेत. सोडलेल्या जागा त्यांत येतात.

उरलेल्या दिवसांत सेलचं पान सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उघड. याद्या वेळापत्रकाप्रमाणे लागतात आणि तारीख पुढे गेली तर तशी सूचना लागते. रात्री दोनला तू जागी असलीस म्हणून काही लवकर लागत नाही. किती पडले म्हणून विचारणाऱ्याला ‘ब्याण्णव’ असं सरळ सांगून टाक. सांगून झालं की लोकांना पुढे विचारण्यासारखं फारसं उरत नाही. शेजारच्या मुलीशी बोलणं टाकलंयस म्हणे, ते आधी सुरू कर. तिलाही हाच फॉर्म भरायचाय, आणि ९७ वाल्यांची धास्ती कमी असते अशी तुझी समजूत असेल तर एकदा माझ्या टेबलाशेजारी येऊन बस.

ताईला नमस्कार. भाऊजींना म्हणावं, मी रविवारी येतो. तोवर तुझी यादी कागदावर तयार ठेव. तिच्यातल्या प्रत्येक ओळीला ‘इथे का?’ असं मी विचारणार आहे. तुझ्याकडे उत्तर असेल तर मी एकही ओळ हलवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला हलवू देणार नाही.

तुझा,
मामा