मनावरचे जू

गंगापूर तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. तथापि तालुक्यातील पुष्कळशी शेती आभाळातील पाण्यावरच अवलंबून असते. मृगाच्या सरी पडल्या, की शेतकरी सरकी लावतो, बाजरी पेरतो. अंकुर वर येतात आणि नेमका तेव्हाच पाऊस ओढ देतो. बियाणे उधारीचे, खत सोसायटीच्या कर्जाचे आणि समोर दुबार पेरणीचे संकट! शेतकऱ्याच्या ताटातील भाकरी तशीच राहते. रात्रभर तो कूस बदलत असतो. त्याचे डोके दुखते, पोटात जळजळते. क्षुल्लक कारणावरून तो मुलांवर रागावतो. कोणी विचारलेच, तर म्हणतो, "काही नाही, पित्त झाले आहे." पोटातील जळजळ खरीच असते, परंतु ती वाढविणारा भार मनावर असतो.

मनाचा भार शरीरावर कसा उतरतो? वाटेत उधळलेला बैल अंगावर धावून आला, अशी कल्पना करा. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहान ग्रंथी असते. त्या क्षणी तिच्यातून अ‍ॅड्रेनॅलिन नावाचा रस रक्तात मिसळतो. हृदय जोराने धडधडते, श्वास जलद होतो, यकृतातील साखर रक्तात येते आणि पचनाचे काम मंदावते. सारी शक्ती पळण्यासाठी एकवटते. बैल निघून गेला, की शरीर पुन्हा शांत होते. परीक्षेपूर्वी घसा कोरडा पडतो आणि तळहातांना घाम येतो, तोही याच कारणाने. असा थोडा वेळचा ताण उपकारकच होय.

कर्जाची चिंता मात्र बैलासारखी निघून जात नाही. ती महिनोन्महिने उशाशी बसते. मग त्याच ग्रंथींतील कॉर्टिसॉल नावाचा रस दीर्घकाळ अधिक प्रमाणात पाझरू शकतो. झोप उडते, रक्तदाब वाढू शकतो, रोगांशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. कॅनडातील माँट्रियल येथे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून १९३६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. थंडी असो, जखम असो वा अतिश्रम असोत, दीर्घ त्रासाने उंदरांच्या या ग्रंथी फुगत आणि जठरात व्रण पडत, असे त्याला आढळले.

शेतकरी दिवसभर बैलाच्या मानेवर जू ठेवतो. परंतु सायंकाळी ते उतरवितो, बैलाला पाणी दाखवितो, वैरण टाकतो. जू कधीच न उतरविल्यास दणकट बैलही खचेल, हे तो जाणतो. स्वतःच्या मनावरील जू उतरवावयास मात्र तो विसरतो.

हे जू कसे उतरवावे? पुरेशी झोप, खेळ, भजन आणि संथ श्वसन यांनी शरीर शांत होते. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत १९२४ पासून योगाचा शास्त्रीय अभ्यास चालतो. दारूने किंवा तंबाखूने जू उतरत नाही. उलट अधिक जड होते. सर्वांत मोठा उपाय म्हणजे विश्वासाच्या माणसाजवळ मन मोकळे करणे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

बोलल्याने पाऊस पडत नाही, की कर्ज फिटत नाही. परंतु विसावलेले मन उद्याचा मार्ग अधिक नीट पाहू शकते. मराठवाड्याने १९७२, २०१२ आणि २०१५ चे दुष्काळ सोसले. दुष्काळ गावावर येतो. तो एकट्याने सोसावयाचा नसतो. बांधावर मूक उभ्या असलेल्या बापाजवळ जाऊन त्याचे लेकरू "बाबा, घरी चला, जेवायला बसू," एवढेच म्हणाले, तरी जू किंचित हलके होते.

शब्दार्थ : ओढ देणे – पाऊस लांबणे, क्षुल्लक – अगदी लहान, व्रण – जखम, क्षीण – दुबळी.

स्वाध्याय
१. थोडा वेळचा ताण उपकारक का ठरतो?
२. बैलाच्या उदाहरणावरून लेखकाने काय सुचविले आहे?
३. 'दुष्काळ एकट्याने सोसावयाचा नसतो,' यावर पाच वाक्ये लिहा.